करवतीच्या मोटरसाठी डीसी ब्रेक मॉड्यूल: काम चोख, पत्रक अर्धवट

गोल करवतीचं बटण दाबून मोटर बंद केली तरी पातं अर्धा मिनिट फिरत राहतं, आणि कामगाराचा हात नेमका तेव्हाच पुढे जातो. त्यावर उपाय म्हणून 5 एचपी, 415 व्होल्टच्या मोटरला लावायचं हे डिन-रेलवरचं (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर बसणारं) 25 अँपिअरचं मॉड्यूल. मुख्य कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) सुटला की ते थायरिस्टरमधून (एसीचा डीसी करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) मोटरच्या दोन टर्मिनलांत डीसी सोडतं. स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाचं, फिरतं चुंबकीय क्षेत्र जागीच थांबतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, त्यात अडतो. पातं साधारण 6 सेकंदांत उभं राहतं. फेज उलटवून, म्हणजे सप्लायच्या दोन तारांची अदलाबदल करून, ब्रेक लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. उलट्या फेजात रोटरमध्ये फिरत्या भागाच्या गतिज ऊर्जेच्या सुमारे तिप्पट उष्णता उतरते, इथे जेमतेम तेवढीच. शिवाय मोटर उलटी पळायची भीती नाही.

पुढच्या बाजूला दोन पॉट (फिरवून जुळवायचे खटके) आहेत: करंट आणि वेळ. नेमप्लेटवर 7.5 अँपिअर असतील तर ब्रेकसाठी दुप्पट, म्हणजे 15 पुरेत. दोन टर्मिनलांमध्ये 2.4 ओहम भरले तर त्यासाठी 36 व्होल्ट डीसी लागतात. मोजायला डीसी वाचणारा क्लॅम्प मीटरच (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) घ्या, साधा एसी क्लॅम्प इथे फसवतो. वेळ लावायची ती कानाने. ब्रेक लागताच मोटर जाड आवाजात घुमते. पातं थांबल्यावरही ती घूं चालूच असेल, तर वेळेचा पॉट मागे घ्या. तेव्हा वाइंडिंगमध्ये निदान 540 वॅट जिरत असतात आणि पंखा शाफ्टवरच असल्याने वारा शून्य. जास्त करंट झाल्यास मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेला यातलं काही कळत नाही, कारण डीसी त्याच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडलेला असतो. तासाला बऱ्याचदा थांबवायचं असेल तर वाइंडिंगमध्ये पीटीसी थर्मिस्टर (तापमान जाणणारा सेन्सर) हवाच.

नाराजी आहे ती मॉड्यूलसोबतच्या माहितीपत्रकावर. कॉन्टॅक्टर सुटल्यावर अर्धा सेकंद थांबूनच डीसी सोडायला हवा, कारण रोटरमध्ये उरलेल्या चुंबकत्वामुळे मोटर क्षणभर स्वतःच व्होल्टेज देत असते. मॉड्यूल हा उशीर आतून देतं, पण पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. मग कोणी बाहेरून टायमर लावतो, कोणी काहीच तपासत नाही. मोटरच्या टर्मिनलवर पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर थायरिस्टर उडतो. कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या सप्लायच्या बाजूला न्या. फ्यूज सेमीकंडक्टरसाठीचा, फास्ट लागतो. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडेपर्यंत थायरिस्टर गेलेला असतो. ब्रेक कॉन्टॅक्टरचा एनसी (कॉन्टॅक्टर ओढला की उघडणारा संपर्क) मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये आणि मुख्यचा एनसी ब्रेकच्या कॉइलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी लागू न देणारा हा इंटरलॉक वायरमनकडून डोळ्यांदेखत करून घ्या.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणारा) असेल तर आणखी एक मेख. स्टॉप दाबला की दोन्ही कॉन्टॅक्टर सुटतात, वाइंडिंगची सहा टोकं मोकळी होतात आणि डीसीला वाटच राहत नाही. ब्रेकच्या वेळी स्टार कॉन्टॅक्टर ओढून ठेवायला मॉड्यूलमध्ये रिलेचा संपर्क आहे, तो वापरावाच लागतो. सर्किट आकृतीत मात्र फक्त डीओएल (मोटर थेट सप्लायवर सुरू करणारा साधा स्टार्टर) दाखवलंय!

करंट वाढवून 2 सेकंदांत थांबवायचा मोह टाळा. झटक्याने पात्याचा नट सैल होतो. वीज गेली तर ब्रेकही गेला, म्हणून पात्यावरचं झाकण काढून ठेवता येणार नाही. आणि होइस्टला (ओझं उचलणाऱ्या यंत्राला) हे लावूच नका. थांबलेल्या मोटरला धरून ठेवण्याची ताकद यात नाही, तिथे स्प्रिंगने दाबणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेकच हवा.