चीनमधल्या ग्वांगझूचं चेन घराण्याचं भवन : वेळ काढून बघा

मेट्रो लाईन १ ने गेलात तर स्टेशनलाच या भवनाचं नाव आहे, चुकायचा प्रश्नच नाही. १८९४ मधे बांधून झालं, ग्वांगडोंग प्रांतातल्या ७२ तालुक्यांतल्या चेन मंडळींनी वर्गणी काढली, का तर आपल्या घराण्यातली पोरं सरकारी नोकरीच्या परीक्षेला शहरात आली की टेकायला जागा पाहिजे. आता लोककला म्युझियम आहे. छपराच्या कडेवरची मातीची रंगीत माणसं बघताना माझी मान अवघडली, एकेकाचा चेहरा वेगळा!

चेन आडनावाचा इतिहास थोडा वाचून जा, मग खरी मजा येते. मूळ हेनान प्रांतातलं चेन राज्य, इसपू पाचव्या शतकात चू राज्यानं ते गिळलं, पण लोकांनी राज्याचं नाव आडनाव म्हणून जपलं. पुढे तांग घराण्याच्या काळात चेन युआनग्वांग नावाचा सेनानी फुजियान प्रांतात गेला, झांगझू शहर वसवलं, आणि नंतरची माणसं तिथून समुद्रामार्गे सिंगापूर-मलेशियात पोचेपर्यंत चेनचं टान झालं, कॅन्टनी (ग्वांगडोंगकडची भाषा) बोलणाऱ्या लोकांत चान. व्हिएतनाममधे १२२५ ते १४०० राज्य केलेल्या त्रान (हे चेनचंच व्हिएतनामी रूप) घराण्याचे पूर्वजही फुजियानचेच. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांच्या दालनात हे सगळं आठवलं आणि अंगावर काटा आला. पाचपैकी पाच स्टार.