'द बॅनर सागा ३': थेट शेवटचा भाग घ्यावा की पहिल्यापासून सुरुवात करावी?

'द बॅनर सागा' या व्हिडिओ गेमचा तिसरा भाग एकटाही मिळतो आणि तिन्ही भागांचा संचही. माझं मत आधीच सांगतो: पहिल्यापासून खेळा. पण तुम्हाला गोष्टीपेक्षा लढाया जास्त आवडत असतील, तर तिसऱ्या भागाची बाजूही चांगली भक्कम आहे.

पहिला भाग २०१४ मध्ये आला, दुसरा २०१६ मध्ये आणि शेवटचा जुलै २०१८ मध्ये. गोष्ट मात्र सलग एकच आहे. सूर्य आकाशात अडकून पडलाय, देव मेलेत आणि दगडी चिलखतातले ड्रेज गावंच्या गावं उद्ध्वस्त करत निघालेत. माणसं आणि शिंगंवाले महाकाय व्हार्ल जीव मुठीत धरून वाट काढताहेत.

लढाईचा पाया तिन्ही भागांत तोच आहे. इथे योद्ध्याची ताकद हाच त्याचा जीव आणि तोच त्याचा वार. तुमची ताकद १२ आणि समोरच्याचं चिलखत ८ असेल, तर वार ४ चा बसतो. म्हणून आधी चिलखत फोडायचं की थेट अंगावर जायचं, हा विचार प्रत्येक चालीला करावा लागतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या पाळ्या एकाआड एक येतात, मग शत्रूचा शेवटचा एकच गडी उरेपर्यंत कुणाकडे किती माणसं उरलीत याला महत्त्व नाही. त्यामुळे पहिल्या भागात मुरलेला खेळाडू शत्रूला मारत सुटत नाही. त्याला अर्धमेला करून सोडतो, म्हणजे शत्रूच्या पाळ्या अशा निकामी योद्ध्यांवर वाया जातात.

तिसऱ्या भागाने नेमक्या याच सवयीला धक्का दिलाय. काही लढायांत शत्रू लाटांनी येतो आणि पुढची लाट किती पाळ्यांनी येणार, तेही दिसत असतं. अर्धमेले सोडलेत तर नवी लाट त्यांच्यात येऊन मिळते. वेळेत मैदान साफ केलंत तर माघार घ्यायची की थांबायचं ते तुमच्या हातात. थांबलात तर राखीव गडी आत घेता येतात आणि शेवटच्या लाटेनंतर चांगली वस्तू हाती लागते. मला या लढाया तिन्ही भागांत सर्वांत सरस वाटतात.

प्रवासाचं पारडं मात्र पहिल्या भागाकडे झुकतं. तिथे बर्फातून तांडा न्यायचा असतो. लढून कमावलेल्या कीर्तीतूनच अन्न घ्यायचं आणि त्याच कीर्तीतून योद्ध्यांना बढती द्यायची. एकाला बढती दिली की तांड्याच्या जेवणाला कात्री लागते. तिसऱ्यात हा भाग फार मागे पडतो. एक गट आर्बरँग या राजधानीत वेढ्यात अडकलेला, दुसरा जूनो ही जादूगार आणि आयव्हर हा व्हार्ल यांच्याबरोबर जग गिळत चाललेल्या अंधारात शिरलेला. तुम्ही शहर जितके दिवस टिकवाल, तितकेच दिवस अंधारातल्या गटाला मिळतात.

आणि इथेच आधीचे भाग खेळल्याचं चीज होतं. दुसऱ्या भागाची सेव्ह फाइल तिसऱ्यात आणता येते. कोण जगलं, कोण दुरावलं, किती लोक राजधानीपर्यंत पोहोचवलेत, हे सगळं सोबत येतं. थेट तिसरा सुरू केलात तर रूक आणि ॲलेट या बापलेकींपैकी नेता कोण, एवढंच सुरुवातीला विचारलं जातं. ज्या निवडीने पहिल्या भागाच्या शेवटी माझा हात थबकला होता, ती इथे नुसती दोन नावांतली निवड होऊन बसते. वेढ्यात कुणी पडलं तर त्याचं दुःख तरी का व्हावं?

हाताने काढलेली चित्रं आणि ऑस्टिन विंटोरीचं संगीत तिन्हीकडे अप्रतिम आहे, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. वाचन मात्र भरपूर आहे. संवाद भराभर पुढे ढकलायची सवय असेल तर यातला एकही भाग घेऊ नका.

घेणार असाल तर तिन्ही भाग एकाच प्लॅटफॉर्मवर घ्या, म्हणजे सेव्ह फाइलची अडचण येणार नाही. वेळ वाचवायला दुसरा भाग गाळण्याचा मोह होईल, पण तो टाळा. बोल्व्हर्क या भाडोत्री योद्ध्याची टोळी तिथेच नीट उलगडते आणि अंधारातला अर्धा प्रवास तिच्याच जिवावर चालतो.