नर्सिंगच्या इंटर्नलला सिम्युलेशन गेम घ्यायचा की ऑस्की?

इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या मार्कांसाठी गेम (स्क्रीनवर खोटा पेशंट सांभाळायचा) आणि ऑस्की (एकेका स्टेशनवर फिरत ठरलेलं काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) यांपैकी एकच परवडत असेल तर ऑस्की घ्या आणि गेम सरावाला ठेवा, हे माझं मत आधीच सांगून टाकते.

गेमची खरी ताकद बघायची तर पीपीएचची (बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याची) केस घ्या. डिलिव्हरीनंतर ५०० मिलीच्या वर रक्त गेलंय, पल्स वाढतोय, बीपी खाली येतंय, आता पहिलं काय करणार? सिव्हिलला पोस्टिंग असलं तरी प्रत्येक मुलीला ही केस तिच्या ड्युटीतच मिळेल असं थोडीच आहे, आणि मिळाली तरी सिनिअर सिस्टर तिला बाजूलाच करणार, करायलाच पाहिजे. गेममध्ये मात्र सगळ्यांना तीच केस मिळते, कोण कुठे किती सेकंद अडकली, डॉक्टरला कधी कळवलं याची पूर्ण नोंद राहते. प्रायॉरिटी कळते का हे बघायला याच्यासारखं काही नाही.

पण गेममध्ये फंडल मसाज (पोटावरून गर्भाशय चोळणं) म्हणजे एक क्लिक! गर्भाशय मऊ लागतंय की कडक झालंय हे हाताला कळायला पाहिजे ना. आणि पर्याय समोर लिहिलेले असतात, ते बघून आठवणं वेगळं आणि मॅनिकिनसमोर (सरावाच्या पुतळ्यासमोर) उभं राहून स्वतःहून सुचणं वेगळं. दोनदा खेळलेली मुलगी तर तिसऱ्यांदा केस नाही, गेमच पाठ म्हणते.

ऑस्की १९७५ साली डंडीच्या हार्डन यांनी मांडली, एकाला सोपा पेशंट आणि दुसऱ्याला अवघड ही तक्रार मिटावी म्हणून. हात, ॲसेप्सिस (जंतुसंसर्ग टाळायची काळजी), बोलणं, सगळं दिसतं. आपल्याकडे सोलापुरात बोलण्याचं महत्त्व जरा जास्तच, कारण पूर्व भागातली आजी तेलुगूत बोलणार, अक्कलकोटकडचे काका कन्नडमध्ये, आणि गेममधला पेशंट बहुतेक वेळा इंग्लिशच झाडतो. एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या मावशींना पेशंट करून स्टेशनवर बसवा, मग कोणाला पेन स्कोअर (दुखणं किती आहे ते आकड्यात) खरंच विचारता येतो ते बघा.

त्रास मात्र आहे. १० स्टेशन, ५ मिनिटं प्रत्येकी आणि बदलायला एक, म्हणजे १० मुलींना एक तास, ४० जणींना चार तास आणि ट्यूटर अख्खा दिवस अडकलेले (चहा सुद्धा उभ्यानं). चेकलिस्ट नीट नसेल तर परीक्षकागणिक मार्क बदलतात ते वेगळंच.

गेम विकणारा सेल्सवाला अमेरिकेतल्या एनसीएसबीएनचा (तिथल्या नर्सिंग बोर्डांच्या संघटनेचा) २०१४ चा अभ्यास दाखवेल, क्लिनिकलचे निम्मे तास सिम्युलेशनवर घेतले तरी फरक पडला नाही म्हणून. बरोबर आहे, पण तो शिकवण्याच्या तासांबद्दल आहे, मार्क देण्याबद्दल नाही, आणि तिथे ट्रेन केलेली फॅकल्टी आणि प्रत्येक केसनंतर डीब्रीफिंग (काय चुकलं, काय जमलं याची चर्चा) होतं.

तरी गेम घ्यायचाच असेल तर डेमो कॉलेजच्याच वायफायवर, अख्ख्या बॅचला एकदम लॉगिन करायला लावून घ्या, आणि नोंदी एक्सेलमध्ये काढता येतात का, लायसन दरवर्षी दर विद्यार्थी आहे का, हे पैसे भरायच्या आधी लिहून मागा.