ट्रेमोलो माउथऑर्गन: थरथर गृहीत धरूनच घ्यावा

माउथऑर्गन शिकू पाहणाऱ्याला दुकानात बहुधा जो दाखवला जातो, तो ‘सी’ पट्टीतला, २४ छिद्रांच्या दोन ओळींचा, ४८ पत्त्यांचा (फुंकरीने कंप पावून स्वर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांचा) ट्रेमोलो प्रकार असतो. तो स्वस्त असतो, हातात भरदार लागतो आणि पहिल्याच फुंकरीला गोड वाजतो. परंतु नावातल्या इटालियन शब्दाकडे दुर्लक्ष करून तो घेतला, तर पुढे निराशा पदरी पडू शकते.

‘ट्रेमोलो’ म्हणजे थरथरणारा. लॅटिनमधील ‘त्रेमेरे’, म्हणजे कापणे, या क्रियापदापासून ‘त्रेमुलुस’ हे विशेषण झाले आणि त्यातून हा शब्द आला. इटालियन संगीतकार मोन्तेवेर्दी यांनी १६२४ साली व्हेनिसमध्ये सादर झालेल्या एका रचनेत युद्धाचा आवेश दाखवण्यासाठी तंतुवाद्यांवर एकच स्वर अतिजलद, पुन्हापुन्हा वाजवून घेतला; या वादनप्रकारालाही पुढे ट्रेमोलो म्हणू लागले. काटेकोर अर्थाने ट्रेमोलोत स्वराची उंची बदलत नाही, त्याचा जोर कमीजास्त होतो. (इलेक्ट्रिक गिटारवरील ज्या दांडीला ट्रेमोलो म्हणतात ती प्रत्यक्षात स्वराची उंचीच हलवते, म्हणजे ते नाव चुकीचेच पडले आहे.)

माउथऑर्गनला मात्र हे नाव शोभते. वरच्या आणि खालच्या छिद्रामागे एकाच स्वराच्या दोन पत्त्या असतात आणि त्यांतली एक मुद्दाम किंचित चढी लावलेली असते. एक सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४४ वेळा कंप पावत असेल, तर आवाज सेकंदाला चार वेळा फुगतो आणि ओसरतो. वरची ओळ चिकटपट्टीने झाकून वाजवल्यास थरथर तत्काळ नाहीशी होते आणि सपाट, काहीसा बारीक सूर उरतो. एखादी पत्ती बेसूर आहे का, हे तपासण्याचा यापेक्षा सोपा उपाय नाही.

संथ चित्रपटगीतांसाठी हे वाद्य उत्तम आहे. शिकताना खरी अडचण मधल्या सप्तकातल्या ‘नि’पाशी येते, कारण ‘ध’वरून निघून तार ‘सा’चे छिद्र ओलांडावे लागते, श्वास आत ओढून ‘नि’ वाजवावा लागतो आणि ‘सा’साठी पुन्हा मागे यावे लागते.

रागसंगीतासाठी मी याची शिफारस करणार नाही. मध्यमाला ‘सा’ मानून यमनचे आणि गंधाराला ‘सा’ मानून भैरवीचे स्वर मिळतात हे खरे, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही आणि स्थिर षड्जाची अपेक्षा असते तिथेही थरथर थांबत नाही. भैरव तर कोणत्याही स्वरापासून सुरुवात केली तरी बसत नाही. त्यासाठी अर्धा स्वर चढ्या ‘सी शार्प’ पट्टीचा दुसरा माउथऑर्गन पहिल्यावर धरून वाजवावा लागतो, म्हणजे खर्चही दुप्पट होतो.