विजेवरचं जुनं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे, धुळ्यात इलाज सापडला

माझ्याकडे मामांनी अमेरिकेहून आणलेलं टेलिक्रॉन कंपनीचं विजेवरचं टेबल घड्याळ आहे, सेल नाही चावी नाही, आणि ते रोज बरोब्बर चार तास मागे पडायचं. आधी एका दुकानात दाखवलं, तिथे म्हणे मशीन घासलंय, तेल टाकलं, पैसे घेतले, चाल मात्र तीच.

मग कोणीतरी आग्रा रोडच्या आतल्या बोळातलं दुकान सांगितलं. काका म्हातारे, डोळ्याला भिंग. घड्याळ उघडलंच नाही, आधी विचारलं, "तासले कितला मागे पडस?" म्हटलं दहा मिनिटं. "रोज तितलंच?" हो. "मंग बिघडेल नही शे भाऊ."

तर भानगड अशी की यातली मोटर हर्ट्झवर चालते, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते त्यावर, व्होल्टेजवर नाही. अमेरिकेत 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50, म्हणजे जी मोटर मिनिटाला 3600 फेरे मारायची ती इथे 3000 मारते, साठातली दहा मिनिटं गेलीच. घरी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावलेला होता पण तो 230 व्होल्टचे 110 करतो, हर्ट्झला हातही लावत नाही. तेल सुकलं असतं तर चाल कमीजास्त झाली असती, रोज मोजून तेवढीच मागे पडली नसती, हे काकांचं म्हणणं.

सेलवालं क्वार्ट्झ मशीन बसवणं स्वस्त पडलं असतं, तेही त्यांनीच सांगितलं, पण मग तो न टिकटिकता सरकणारा सेकंद काटा गेला असता. मी नको म्हटलं. त्यांनी पोराकडून क्रिस्टलवालं सर्किट बनवून घेतलं जे 60 हर्ट्झ 110 व्होल्ट देतं, आता घड्याळ मोबाईलशी जुळतं.

तक्रारी पण आहेत. त्या सर्किटची डबी दिवसभर गरम असते, त्यात आपला उन्हाळा. काम व्हायला लय दिवस लागले, फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर हसले. आणि लाईट गेली की घड्याळ थांबतंच, परत आली की स्वतः सुरू होतं पण गेलेला वेळ गेला, डायलवर लाल ठिपका दिसला की काटे हाताने लावा. म्हटलं बॅटरी बॅकअप द्या, तर म्हणे ते वेगळं, दिवाळीनंतर या.

पाचपैकी चार स्टार. जाताना स्टेपडाऊन घरीच ठेवा.