जुनी कॅम्पर व्हॅन घाटात तापते: रेडिएटर करायचा की हेड उघडायचं?

जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिची कॅम्पर केली की पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न दारात उभा राहतो. पलंग, ओटा, जादा बॅटऱ्या, शंभर लिटरची टाकी (नुसत्या पाण्याचंच वजन १०० किलो) एवढं ओझं घेऊन गाडी खंबाटकी घाट चढायला लागली की तापमानाचा काटा वर सरकतो. गॅरेजमध्ये एकजण म्हणतो रेडिएटर चोक आहे, दुसरा म्हणतो गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला सील) गेली. रेडिएटर उतरवून साफ करणं एखाद्या दिवसाचं काम. गॅस्केट म्हणजे हेड उतरवा, फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवा, गाडी कित्येक दिवस अडकली. म्हणून पाना लावू देण्याआधी एक सकाळ स्वतः गाडीपाशी घालवा.

पहिला प्रश्न, गाडी कधी तापते? सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि हायवेला लागली की उतरतो, तर हवा कमी पडतेय. संशय पंख्यावर. बेल्टवर चालणाऱ्या पंख्याला बहुधा व्हिस्कस क्लच असतो, म्हणजे आत दाट तेल असलेला आणि इंजिन तापलं की पंख्याला घट्ट पकडणारा भाग. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवा. थोडा अडकत फिरला तर ठीक. टिचकीसरशी भिरभिरत राहिला तर क्लच गेला. याउलट गावात गाडी शांत, पण चढाला आणि लांब पल्ल्याला तापते, तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्यांची ही ठरलेली कहाणी. एसी असेल तर त्याचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतही बघा, चिखल आणि किडे तिथेच साचतात.

गॅस्केटचं वागणं वेगळं. रात्रभर थंड झालेली गाडी चालू करा आणि वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) दाबून बघा. पाणी कोमटसुद्धा झालं नसताना दोन मिनिटांत होज कडक झाला, तर तो दाब सिलिंडरमधून आलेला आहे. गाडी थंड असतानाच रेडिएटरची टोपी काढून ती चालू करून बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा, ती संपते. गॅस्केटचे बुडबुडे संपत नाहीत. खाली थेंब नाही तरी पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, या त्याच्याच खुणा. मात्र ऑइल दुधट व्हायची वाट बघू नका. गॅस नुसता पाण्याच्या वाटेत घुसत असेल तर डिपस्टिक शेवटपर्यंत स्वच्छ दिसते.

आणि तिसरा संशयित, जो कुणी बघतच नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाताना माझी व्हॅन दोनदा उकळली. मेकॅनिकने हेड उघडायचा सल्ला दिला. मी थंड झाल्यावर रेडिएटरची टोपी उलटी करून उजेडात धरली: आतल्या रबराला चीर गेलेली, स्प्रिंग बोटाने सहज दबतेय. ही टोपी दाब धरते म्हणून पाणी शंभराला उकळत नाही. एक बारच्या टोपीखाली ते साधारण १२० अंशांपर्यंत तग धरतं. दाब सुटला तर उलट गत होते. महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटर उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. टोपी बदलली, गाडी तोच घाट शांतपणे चढली.

थर्मोस्टॅटबाबत (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपेसारखा भाग) माझं मत ठाम आहे. ‘काढून टाकू, थंड राहील’ हे ऐकू नका. सपाट रस्त्याला इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत बायपास उघडा राहून पाणी रेडिएटर चुकवूनच फिरतं. पातेल्यात पाणी तापवून त्यात तो सोडा; त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, समजा ८२, उघडला नाही तर नवा टाका.

रेडिएटर पितळी असेल तर टाक्या काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून क्षार काढणं) करून घ्या, चांगलं निघतं. प्लास्टिक टाकीचा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर साफसफाईवर पैसे घालू नका, नवाच बसवा. पण थंड इंजिनावर बुडबुडे थांबत नसतील, तर रेडिएटरवर एक रुपयाही खर्च न करता हेडच उघडा. नंतर भरायला पाणी नव्हे, कूलंट. कंपनीने सांगितलेलं, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं.

काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको. कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापलेल्या इंजिनावरही काटा खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक उतरला तर हायसं वाटून पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडून ठेवा. टोपीला तासभर तरी हात नको, आणि तापल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच नको, हेड तडकतं.