आयव्ही लाइनसाठी प्रोब कव्हर: लांब, आखूड की चिकट फिल्म?

अल्ट्रासाऊंडखाली शीर पकडताना प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचा यंत्राचा हातात धरायचा भाग, सुईच्या टोकापासून जेमतेम बोटभर अंतरावर असतो, आणि तोच प्रोब थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या कुणाच्या पोटावर फिरलेला असू शकतो. त्याला झाकायला तीन गोष्टी वापरल्या जातात: केबलसकट झाकणारं लांब कव्हर, फक्त प्रोब झाकणारं आखूड कव्हर, आणि जखमेवर लावायची पारदर्शक फिल्म. निकाल आधीच सांगून टाकू. सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी) आणि पिक लाइनला (दंडातून तिथपर्यंत नेलेली लांब नळी) लांब कव्हरला पर्याय नाही, हातावरच्या साध्या कॅन्युलाला, म्हणजे शिरेतल्या छोट्या नळीला, आखूड कव्हर चालतं आणि फिल्मची काटकसर अंगाशी येते.

लांब कव्हर साधारण १२० सेंमीचं असतं. पाकिटात कव्हर, निर्जंतुक जेलचं पाकीट आणि दोन रबर बँड मिळतात. पॉलियुरेथेनचं घ्यावं, पातळ आणि ताणलं जाणारं असल्याने चित्र स्वच्छ येतं. लॅटेक्सचं कव्हर ॲलर्जी असलेल्या रुग्णाला चालत नाही, म्हणून ते साठ्यात न ठेवलेलंच बरं.

खरा फरक घडीत असतो. आत आत सरकवलेली, दुर्बिणीसारखी उलगडणारी घडी असली तर काम सोपं होतं. आधी कव्हरच्या आत, तळाशी जेल घालायचं. ग्लोव्ह घातलेल्या हाताने घडी बाहेरून धरायची, मदतनीसाने प्रोब तोंड खाली करून आत सोडायचा आणि मग फक्त कव्हरचं टोक धरून ते केबलवर मागे ओढायचं. निर्जंतुक हात केबलला लागता कामा नये. नुसतं गुंडाळलेलं कव्हर असेल तर हे करताना तिसरा हात हवासा वाटतो.

आत जेल कमी पडलं की हवा राहते आणि पडद्यावर काळे उभे पट्टे दिसतात. लोक मग गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवत बसतात. त्याने काही होत नाही. अंगठ्याने बुडबुडे तोंडाच्या मधून कडेकडे दाबत न्यायचे, तोंडावर कव्हर ताणून घ्यायचं आणि मगच पहिला बँड प्रोबच्या मानेवर बसवायचा. दुसरा बँड केबलवर, थोडा मागे. हॉकी स्टिक प्रोबचं (हॉकीच्या काठीसारखा वाकलेला छोटा प्रोब) तोंड अरुंद. त्यावर १५ सेंमी रुंदीचं कव्हर चढवलं तर चुण्या पडणारच. अशा प्रोबसाठी अरुंद कव्हर वेगळं मागवा.

केबलचं वजन हाही एक त्रास आहे. प्रोब ड्रेपवर, म्हणजे रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक कापडावर, ठेवला की केबल हळूच त्याला खाली ओढते आणि कव्हर चढवलेला प्रोब जमिनीकडे निघतो. केबल ड्रेपला क्लिपने अडकवली की प्रश्न मिटतो. मशीनच्या होल्डरमध्ये मात्र तो परत ठेवायचा नाही. होल्डर निर्जंतुक नसतो.

आता जेल, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. कव्हर निर्जंतुक आणि बाहेरचं जेल मोठ्या बाटलीतलं, ही जोडी पाहायला मिळते. २०२१ मध्ये अमेरिकेत बर्खोल्डेरिया सेपेशिया गटाच्या जीवाणूंनी दूषित झालेलं अल्ट्रासाऊंड जेल परत मागवावं लागलं होतं. बाटली बंद होती, नवी होती, एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्वचेवर लागणारं जेल एकदाच वापरायच्या निर्जंतुक पाकिटातलंच हवं. कव्हरच्या आतही तेच वापरावं: सुईने कव्हरला भोक पडलं तर आतलं जेल थेट सुईच्या जागी येतं.

आणि जेल जितकं कमी तितकं बरं. सुई जेलच्या थरातून गेली की थोडं जेल तिच्याबरोबर आत जातं. शिवाय कॅन्युला बसल्यावर त्वचा बुळबुळीत राहिली तर ड्रेसिंग चिकटत नाही, कडा सुटतात आणि लाइन हलायला लागते. ड्रेसिंग लावण्यापूर्वी निर्जंतुक गॉझने जेल पूर्ण पुसायचं, जागा पुन्हा क्लोरहेक्सिडिनने साफ करून वाळू द्यायची. हे टाळायला काही जण जेलऐवजी निर्जंतुक सलाइन वापरतात. वरवरच्या शिरेला ते पुरतं, पण दर काही क्षणांनी पुन्हा ओलं करावं लागतं.

फिल्मबद्दल तक्रार साधी आहे. ती तोंड झाकते, पण प्रोबच्या बाजू आणि धरायची जागा उघडीच राहते, म्हणजे निर्जंतुक ग्लोव्ह उघड्या प्रोबवर. काढताना गोंद लेन्सवर, म्हणजे प्रोबच्या तोंडावरच्या थरावर, राहतो, मग कुणीतरी तो स्पिरिटने घासतं. अनेक प्रोबच्या लेन्सला अल्कोहोल सोसत नाही. पृष्ठभाग कडक होतो, चिरा पडतात आणि चिरेत जंतू बसतात. ग्लोव्हचं बोट प्रोबवर चढवणं हाही असाच जुगाड.

कव्हर वापरलं म्हणून नंतरची सफाई टळत नाही. कव्हर काढताना ते उलटं करत, घाण आत ठेवून काढा आणि फाटलंय का ते उजेडात बघा. आधी कोरड्या कापडाने जेल पुसा, कारण जेलखाली जंतुनाशक पोहोचतच नाही. मग प्रोबच्या उत्पादकाने मान्य केलेल्या वाइपने प्रोब आणि केबल पुसून, पाकिटावर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्या. लगेच कोरडं केलं तर पुसणं वाया. कव्हर फाटून रक्त प्रोबला लागलं असेल तर वाइपवर भागवू नका, उच्च पातळीचं जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) करा. ०.५५ टक्के ऑर्थो-थॅलॅल्डिहाइडमध्ये २० अंश सेल्सिअसला १२ मिनिटं, तेही उत्पादकाने ते द्रावण मान्य केलं असेल तरच. प्रोब खुणेपर्यंतच बुडवायचा, कनेक्टर कधीच नाही, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचा.

किटमध्ये एकच सुधारणा सुचवावीशी वाटते: रबर बँड दोनऐवजी तीन द्यावेत. एक हमखास उडून जमिनीवर जातो आणि त्या एका बँडसाठी आख्खं दुसरं पाकीट फोडावं लागतं.